बोचक्यातली कला

घरात जुने कपडे साचले की त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. जे धड आहेत ते धाकट्या भावंडाकडे किंवा खालाच्या मुलांकडे जातात. त्याहून थोडे विटलेले गरजूला दिले जातात. उरलेले बोहारीण नेते आणि बदल्यात एखादा स्टीलचा डबा किंवा पातेले देऊन जाते. अगदीच जीर्ण झालेले फरशी आणि मोटारसायकल पुसायला लागतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत यांच्या जोडीला आणखी एक वाट होती आणि तिला मान होता. ती म्हणजे गोधडी. दादी-नानीच्या बोलीत गोदडी.

नानीची सुती साडी, नानांची लुंगी, अब्बांचा विरलेला सदरा, लेकरांची झबली हे सगळे धुऊन, उन्हात वाळवून, थरावर थर लावून अंगणात अंथरले जाई. चार बाजूंना चार बायका बसत. धावदोऱ्याच्या ओळी घालता घालता तीन-चार दुपारी निघून जात. लाल तुकड्याशेजारी हिरवा घ्यायचा की पिवळा, साडीचा काठ मध्ये ठेवायचा की कडेला, हे त्याच ठरवत. त्याला कोणी रंगसंगती म्हटले नाही, रचना म्हटले नाही. 'रिकामपणाचे काम' म्हटले.

आता घरोघरी मऊ, चकचकीत ब्लँकेटे आली. गोधड्या माळ्यावर गेल्या आणि तिथून हळूहळू घराबाहेर. आमच्या ओळखीच्या घरांत गोधडी घालता येणाऱ्या बहुतेक स्त्रिया आता साठी ओलांडलेल्या आहेत.

नेमक्या याच काळात जगातल्या नावाजलेल्या कलादालनांत जुने कपडे मानाने जाऊन बसले आहेत. परदेशातल्या कलासंस्था कलावंतांना बोलावतात, राहायला जागा देतात आणि ते कलावंत वापरलेले कपडे गोळा करून त्यांच्या कलाकृती करतात. हे ऐकले की आमच्या घरातल्या मोठ्या बायका हसतात. "यात नवे काय? हे तर आम्ही जन्मभर केले," म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. मग फरक कुठे पडला, हे आपण नीट पाहू.

खोली, वेळ आणि नाव

परदेशी जाणाऱ्या कलावंतांच्या बातम्यांत 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' असा शब्द येतो. त्याचा अर्थ साधा आहे. एखादी संस्था कलावंताला काही आठवडे किंवा महिने बोलावते. त्याला काम करायला खोली मिळते, बऱ्याच ठिकाणी राहायची सोयही होते, काही ठिकाणी मानधन मिळते. शेवटी लोकांना बोलावून काम दाखवायचे असते. पॅरिसमध्ये 'सिते इंटरनॅशनल देझ आर' ही संस्था १९६५ पासून जगभरच्या कलावंतांना अशी जागा देत आली आहे.

आमच्या विषयाला सगळ्यात जवळचे उदाहरण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे आहे. तिथे शहराचा कचरा गोळा करणाऱ्या 'रिकॉलॉजी' कंपनीने १९९० पासून अशी रेसिडेन्सी चालवली आहे. निवडलेल्या कलावंताला कचरा केंद्राच्या आवारात स्टुडिओ मिळतो, मानधन मिळते आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून हवे ते उचलून न्यायची परवानगी मिळते. कपडे, पडदे, लाकूड, भांडी, जे हाती लागेल त्यातून काम उभे करायचे आणि अखेरीस प्रदर्शन भरवायचे.

म्हणजे रेसिडेन्सी तीन गोष्टी देते. एक, काम पसरून ठेवता येईल अशी खोली. दोन, 'आधी स्वयंपाक उरक' असे कोणी म्हणणार नाही असा वेळ. तीन, काम झाल्यावर त्याखाली लिहिलेले स्वतःचे नाव. आमच्या नानींकडे कापड होते, हात होता, नजर होती. या तीन गोष्टी मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. दुपारची झोप मोडून वेळ काढला, अंगणाची खोली केली आणि नाव तर कुठेच लिहिले नाही.

किमसूजाचे गाठोडे

दक्षिण कोरियातल्या किमसूजा या कलावंत बाईंची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. त्यांचा जन्म १९५७ चा, देगू शहरातला. १९८३ मध्ये त्या आईसोबत बसून एक पलंगपोस शिवत होत्या. सुई कापडातून आरपार गेली त्या क्षणी आपल्याला आपल्या कामाची वाट सापडली, असे त्या सांगतात. त्यानंतर त्यांनी आजीच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कलाकृती करायला सुरुवात केली. रंगाच्या ब्रशऐवजी सुई-दोरा आला.

१९९२-९३ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या 'पी.एस. वन' या कलासंस्थेत रेसिडेन्सी मिळाली. ही संस्था एका जुन्या सरकारी शाळेच्या इमारतीत भरते आणि तिच्या नावातली 'पी.एस.' ही अक्षरे त्या शाळेवरूनच आली आहेत. किमसूजा यांनी तिथे आपले जुने कापड एका गाठोड्यात बांधून ठेवले होते. कोरियात अशा गाठोड्याला 'बोत्तारी' म्हणतात. आपल्याकडचे बोचके तेच. घर बदलताना, प्रवासाला निघताना, पळून जावे लागले तर, चार कपडे चादरीत घालून चार टोकांची गाठ मारायची. एके दिवशी स्टुडिओत वळून पाहताना त्यांना ते गाठोडेच एक शिल्प आहे असे दिसले. त्यात काहीही जोडलेले, कोरलेले नव्हते. फक्त कापड, आत कपडे आणि वर गाठ.

पुढे हीच त्यांची ओळख झाली. नवविवाहितांना भेट देतात ती भरजरी, रंगीत पलंगपोसे त्या वापरून जुनी झालेली घेत आणि त्यांत वापरलेले कपडे बांधत. १९९७ मध्ये अशी गाठोडी लादलेल्या ट्रकवर बसून त्यांनी ११ दिवस कोरियाभर २,७२७ किलोमीटर प्रवास केला. लहानपणापासून ज्या ज्या गावांत त्या राहिल्या होत्या, तिथून तो ट्रक गेला. नंतर त्या आपल्या देशातही आल्या. 'मुंबई : अ लाँड्री फील्ड' या २००७-०८ च्या चित्रफितीत मुंबईतली कपडे धुण्याची आणि वाळत घालण्याची ठिकाणे आहेत. महालक्ष्मीचा धोबीघाट आपण लोकलच्या पुलावरून शंभरदा पाहतो, पण तो कलेचा विषय होईल असे मनात येत नाही.

वाचक भगिनींनो, यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की किमसूजा न्यूयॉर्कला जाऊन शिवण शिकल्या नाहीत. शिवण आईकडून आली, कपडे आजीचे होते, गाठोडे घरचे होते. परदेशाने त्यांना दिली ती एक रिकामी खोली आणि मागे वळून पाहण्याची सवड.

कपडा म्हणजे माणूस

वापरलेल्या कपड्यात असे काय असते, की नव्या ठाणातल्या कापडापेक्षा कलावंत त्याच्या मागे लागतात? आमच्या मते याचे उत्तर प्रत्येक घराला माहीत आहे. एखादे माणूस अल्लाहला प्यारे झाले की काही दिवसांनी त्याचे कपडे काढायची वेळ येते. ते वाटून टाकायचे असतात, तशी आपली रीतही आहे. पण सदऱ्याची घडी हातात आली की हात थांबतो. कोपरावर विरलेले कापड, खिशावर शाईचा डाग, कॉलरवरची झीज. माणूस गेलेले असते आणि त्याची आकृती कपड्यात उरलेली असते.

फ्रान्सचे ख्रिस्तियान बोल्तान्स्की या कलावंताने जन्मभर हेच काम केले. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या 'ग्राँ पाले' या अवाढव्य इमारतीत त्यांनी जुने कपडे जमिनीवर चौकोनात अंथरले आणि एका टोकाला कपड्यांचा डोंगर रचला. वरून एक क्रेन यायची, मूठभर कपडे उचलायची आणि पुन्हा सोडून द्यायची. सगळीकडे हृदयाच्या ठोक्यांचा आवाज भरलेला. त्या कामाचे नाव होते 'पेर्सोन'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'माणसे' असा होतो आणि 'कोणीच नाही' असाही होतो. बोल्तान्स्की यांचा जन्म १९४४ चा, युद्धकाळातला. त्यांचे वडील ज्यू होते आणि जीव वाचवण्यासाठी घरातच लपून राहिले होते. रिकाम्या कपड्यांकडे पाहून त्यांना कोण आठवत असेल, हे वेगळे सांगायला नको.

खामगावचा कापूस, अलाबामाची गोधडी

आता अमेरिकेतल्या एका खेड्याकडे जाऊ. पण रस्ता आपल्या खामगाववरून जातो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत. युद्धाने तो कापूस थांबला आणि गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. युद्ध संपल्यावरही वऱ्हाडाचे महत्त्व उरले. १८७० मध्ये खामगावचा रेल्वे फाटा आणि कापूस बाजार सुरू झाला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. आपल्या काळ्या मातीतला कापूस सातासमुद्रापार जाऊ लागला आणि तिथले कापड आपल्या बाजारात येऊ लागले.

ज्या गुलामांच्या कष्टांवर तो अमेरिकी कापूस पिकत होता, त्यांच्या वंशजांचे एक खेडे अलाबामा राज्यात आहे. नाव गीज बेंड. नदीच्या वळणात अडकलेले, बाहेरच्या जगापासून तुटलेले. पेटवे नावाच्या मळेमालकाचे आडनाव आजही तिथल्या अनेक कुटुंबांना चिकटलेले आहे. तिथल्या स्त्रिया शेतात घालून विरलेले कपडे, डेनिमच्या पँटी, पिठाची पोती यांच्या गोधड्या घालत. थंडीत घराच्या फटींतून वारा येई, त्यासाठी.

याच गावच्या मिझुरी पेटवे यांचे पती गेले, तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी पतीचे कामाचे कपडे घेतले आणि मुलीच्या मदतीने त्यांची गोधडी केली. पतीच्या आठवणीत, त्याच्याच कपड्यांखाली झोपता यावे म्हणून. गुडघ्यावर फिकट झालेल्या जागा त्यांनी झाकल्या नाहीत. त्या तशाच गोधडीत आल्या.

२००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पोहोचल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांच्या कामाशी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. आपल्या गोधड्यांवरून इतरांनी पैसा केला आणि आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही, अशी तक्रार घेऊन गावातल्या काही स्त्रिया २००७ मध्ये न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. या प्रकरणातून एक शहाणपण घ्यावे. कला म्हणून मान मिळाला की किंमत येते, आणि किंमत आली की हिशेब कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते.

हल्याळची कवंदी

असेच काम आपल्या शेजारी, मराठी बोलल्या जाणाऱ्या सीमाभागातही होते. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या, बहुतेक गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. आपल्याला सिद्दी म्हटले की जंजिऱ्याचे नवाब आठवतात, किंवा मलिक अंबर. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या काळात निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर हबशी गुलाम म्हणूनच दख्खनेत आला होता. उत्तर कन्नडचे सिद्दी मात्र राजवाड्यांत राहिले नाहीत. ते जंगलाच्या कडेला शेतमजुरी करत राहिले. २००३ पासून त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांच्यात मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, आणि तिन्ही घरांत एक गोष्ट समान आहे : कवंदी.

कवंदी म्हणजे त्यांची गोधडी. खाली मोठे कापड अंथरायचे आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. ठिगळाची कड आत दुमडत धावदोऱ्याने ते जोडायचे. ठिगळ लावणे आणि गोधडी शिवणे दोन्ही एकदमच होते. कडेकडेने फिरत फिरत काम मध्याकडे सरकते. मुस्लिम घरातल्या कवंदीत कधी चंद्रकोर येते, ख्रिस्ती घरातल्या कवंदीत क्रूस. काम संपत आले की चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुला' लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असे त्या मानतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला. २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी-सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. एकमेकींना कधीही न भेटलेल्या, आफ्रिकेशी नाते सांगणाऱ्या दोन समाजांतल्या स्त्रियांनी, अलाबामात आणि हल्याळात, जुन्या कपड्यांची जवळपास सारखी वाट शोधली, हे आम्हाला विलक्षण वाटते. पण गरिबी, थंडी आणि लेकरे दोन्हीकडे होती, हे लक्षात घेतले की आश्चर्य कमी होते आणि आदर वाढतो.

ठिगळाचा मान आपल्याकडेही होता

ठिगळाची लाज वाटण्याचे आपल्याला कारण नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आपला फाटका कपडा स्वतः शिवत आणि पादत्राण स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे आपण ऐकत आलो आहोत. हजरत उमर (रजि.) यांच्या ठिगळे लावलेल्या पोशाखाच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्याला 'मुरक्का' म्हणत. गंमत अशी की मुघल दरबारात चित्रे आणि सुलेखनाची पाने एकत्र चिकटवून जो संग्रह करत, त्यालाही 'मुरक्का'च म्हणत, म्हणजे तुकडे जोडून केलेला. फकिराचा झगा आणि बादशहाचा चित्रसंग्रह एकाच शब्दाने ओळखले जात. आणि आपल्या वऱ्हाडातच गाडगेबाबा चिंध्यांची वस्त्रे पांघरून गावोगाव फिरले, तेव्हा लोकांनी त्यांना 'गोधडेबाबा' म्हणून डोक्यावर घेतले.

'रफू' हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे मुस्लिम रफूगर काश्मिरी शाली असे दुरुस्त करतात की भोक कुठे होते ते सापडत नाही. वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी त्यांच्यासोबत अनेक वर्षे काम केले आणि हे कारागीर लोकांसमोर आणले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. रफूगराचे दुर्दैव असे की त्याचे काम जितके उत्तम, तितके ते अदृश्य, आणि कामासोबत माणूसही अदृश्य होतो. आमच्या घरातल्या शिवणाऱ्या बायकांचे याहून वेगळे काय झाले?

टाकलेल्या कपड्यांचा डोंगर

या कलेमागे एक कडवट वस्तुस्थिती आहे. श्रीमंत देशांत कपडे फाटण्याआधीच टाकले जातात. त्यांतले पुष्कळ गठ्ठे जहाजांनी आपल्या देशात येतात. हरियाणातल्या पानिपतला ते कपडे कापून, पिंजून, पुन्हा सूत काढून त्याची ब्लँकेटे होतात. 'अनरॅव्हल' या २०१२ च्या माहितीपटात तिथे कपडे फाडणाऱ्या कामगार स्त्रिया दिसतात. इतके धड कपडे लोक का टाकत असतील, याचा त्या आपसात अंदाज बांधतात. तिकडे पाणी महाग असेल, धुण्यापेक्षा टाकणे स्वस्त पडत असेल, असे त्यांना वाटते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईने हाच तर्क केला असता.

हसण्यावारी नेण्यासारखे मात्र हे नाही. आपल्या घरातही ईदला तीन-तीन जोड, प्रत्येक लग्नाला वेगळा घागरा, ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून आणखी एक कुर्ता हे सुरू झाले आहेच. इस्राफ म्हणजे उधळपट्टी फक्त ताटात टाकलेल्या अन्नाची नसते. म्हणून एक क्रम पाळावा. घालण्याजोगा कपडा आधी गरजूच्या अंगावर गेला पाहिजे, तोही धुऊन, बटणे लावून. कलेसाठी, गोधडीसाठी घ्यायचा तो त्यानंतर उरलेला, अंगावर न घालता येण्याजोगा.

मुलींसाठी चार गोष्टी

आमच्या जिल्ह्यातल्या शाळांतून दरवर्षी अनेक मुली शासकीय रेखाकला परीक्षा देतात. एलिमेंटरी होते, इंटरमिजिएट होते, चांगली श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि रंगपेटी कपाटात जाते. घरात आणखी एक अडचण असते. सजीवांची चित्रे काढावीत की नाही यावर मतभेद होतात आणि चित्रकलेचा विषयच मिटतो. कापडाच्या कलेत हा पेच येत नाही. चौकोन, पट्टे, काठ, रंग, टाके यांतच सगळे मांडता येते. ज्या मुलीला मनापासून आवड आहे तिच्यासाठी मुंबईचे सर जे. जे. कला विद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालये आहेत.

पुढे रेसिडेन्सीचा विचार असेल तर दिल्लीची 'खोज' ही संस्था १९९७ पासून काम करते. परदेशासाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन आणि ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय कलावंतांना मदत करतात. अर्जासाठी साधारणपणे केलेल्या कामाची चांगली छायाचित्रे आणि आपण काय करतो, का करतो याचे छोटे टिपण लागते. म्हणून पहिल्या तुकड्यापासून फोटो काढून ठेवावेत.

घरच्यांच्या मनात प्रश्न येणारच. राहायची खोली स्वतंत्र आहे का, जेवण स्वतः करता येईल का, आधी गेलेल्या मुलींशी बोलता येईल का? हे प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. संस्थेला लेखी विचारावेत. काही रेसिडेन्सी कलावंताकडून शुल्क घेतात, ते आधीच समजून घ्यावे. शिष्यवृत्तीच्या नावाखाली कोणी मध्यस्थ मोठी रक्कम आगाऊ मागत असेल तर सावध राहावे. पण 'मुलगी आहे, कशाला' एवढ्यावर दार लावू नये.

घरी करायचे असेल तर

परदेश सगळ्यांना मिळत नाही आणि मिळायलाही नको. खोली, वेळ आणि नाव या तिन्ही गोष्टी घरात देता येतात. सुरुवातीला पूर्ण गोधडी घेऊ नये. दोन हात लांब, दोन हात रुंद तुकडा पुरे.

१. घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे निवडावेत. शक्यतो सुती. सुती आणि नायलॉन-पॉलिस्टर मिसळले की धुतल्यावर कापड आखडून वेडेवाकडे होते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावेत.

२. बटणे, हुक, चेन काढून वेगळी ठेवावीत. शिवण उसवून कापड सपाट करावे. खिसा, काठ, विरलेली जागा फेकू नये. तीच त्या कपड्याची ओळख आहे.

३. खाली जुन्या सुती साडीचे दोन थर अंथरावेत. तुकडे आधी नुसते मांडून पाहावेत, एक दिवस तसेच राहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी नजरेला खटकेल ते बदलावे.

४. कवंदीसारखे कोपऱ्यापासून सुरू करावे. ठिगळाची कड बोटभर आत दुमडून जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. टाके अगदी सारखे नसले तरी चालतात.

५. शिवताना घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवावे. हा सदरा कोणाचा, ही साडी कधीची, हे विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. काम अर्धे राहिले तरी ही वही राहील.

आणि सर्वांत महत्त्वाचे. काम पूर्ण झाले की मागच्या बाजूला एक पांढरी पट्टी शिवावी. तिच्यावर दोऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : शिवणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल. माळ्यावरच्या जुन्या गोधड्या खाली काढून, ज्यांनी त्या घातल्या त्या हयात असतील तर त्यांना विचारून, त्यांच्याही मागे नावे टाकावीत. विकायची वेळ आली तर पैसे शिवणारीच्या हातात जावेत. संग्रहालयवाल्यांनी ज्या गोष्टी फार उशिरा केल्या, त्या आपल्या घरात आजच करता येतील. त्याला पारपत्र लागत नाही. एक सुई, थोडा दोरा आणि दुपारचे दोन तास लागतात. ते दोन तास घरातल्या इतरांनी तिला द्यायचे आहेत.